पाहणारा वर, ठरवणारा खाली



राज्यसंस्था माणसावर हत्यार उगारते त्या क्षणी तिने नेमकं काय पाहिलेलं असतं, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षं छळतो आहे. लाठीमार, चकमकी, कोठडीतले मृत्यू यांच्या संदर्भात आपल्याकडे या प्रश्नावर बरंच बोललं गेलं. आज मी तोच प्रश्न घेऊन आकाशात जाणार आहे. एखादं नागरी विमान रस्ता चुकतं, रेडिओला उत्तर देत नाही, किंवा मनाई असलेल्या हद्दीत शिरतं. ते कधी तीनशे प्रवाशांचं असतं, तर कधी चार आसनांचं खासगी. खाली एखाद्या हवाई तळावर भोंगा वाजतो, दोन लढाऊ विमानं झेपावतात आणि थोड्याच वेळात त्या विमानाच्या डाव्या अंगाला येऊन उडू लागतात. त्यानंतर काय करायचं हे कोण ठरवतं, आणि ठरवणाऱ्याला त्या वेळी काय दिसत असतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

कायद्याची सुरुवात शिकागोपासून होते. 7 डिसेंबर 1944 रोजी, दुसरं महायुद्ध अजून चालू असताना, तिथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. समुद्रात परक्या जहाजाला किनाऱ्यालगतच्या पाण्यातून निरुपद्रवीपणे जाण्याचा हक्क असतो; आकाशात तसा हक्क नाही. त्याच करारात पुढे एक छोटं वाक्य आहे. लष्करी विमानांसाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य ती दखल घ्यावी, असं ते म्हणतं. ‘योग्य ती दखल’ म्हणजे किती, हे कुणी लिहून ठेवलं नाही. पुढची चाळीस वर्षं माणसं मरत राहिली ती या मोकळ्या सोडलेल्या जागेत.

विमान अडवण्याची एक ठरलेली पद्धत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. रस्त्यावर पोलिसाने हात केला की गाडी बाजूला घेऊन थांबता येतं. विमानाला थांबता येत नाही. म्हणून सगळं बोलणं उडता उडता करावं लागतं, आणि पुष्कळदा ते शब्दांविना करावं लागतं. अडवणारं विमान थोडं पुढे, थोडं वर आणि शक्यतो डावीकडे येतं, कारण मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसलेला असतो. ते आपले पंख डुलवतं आणि रात्र असेल तर दिवे उघडझाप करतं. याचा अर्थ, तुला अडवलं आहे, माझ्यामागे ये. समोरच्यानेही पंख डुलवले तर त्याचा अर्थ, समजलं, येतो. लढाऊ विमानाने एखाद्या धावपट्टीवर घिरट्या घालत चाकं खाली काढली तर तिथे उतरायचं असतं. ते एकदम वळून वर निघून गेलं तर आपण मोकळे. याखेरीज 121.5 मेगाहर्ट्झ ही जगभरची आपत्कालीन रेडिओ वाहिनी आहे, आणि एकमेकांची भाषा न येणाऱ्यांसाठी मोजके इंग्रजी शब्द ठरवून दिलेले आहेत. त्यात ‘मी भरकटलो आहे’ असं सांगण्यासाठीही शब्द आहेत. ज्यांनी ही यादी केली त्यांना ठाऊक होतं की अडवलं जाणारं विमान बहुतेक वेळा शत्रूचं नसतं, चुकलेलं असतं.

लढाऊ विमानाचा वैमानिक त्या सगळ्या व्यवस्थेतला एकमेव डोळा असतो. रडारवर एक ठिपका दिसतो. तो ठिपका केवढा, कुणाचा, त्याला खिडक्या आहेत की तोफा, आत दिवे लागले आहेत का, हे फक्त त्याला दिसतं. पण निर्णय त्याचा नसतो. निर्णय खाली, नियंत्रण कक्षात, कधी त्याच्याही वर दोन-तीन पायऱ्यांवर होतो. मला वाटतं, या विषयाचा सगळा इतिहास पाहणारा आणि ठरवणारा यांच्यामधल्या या अंतराचा आहे.

यातली आपल्याला सगळ्यात जवळची घटना कच्छची आहे. 19 सप्टेंबर 1965. भारत-पाकिस्तान युद्ध शेवटच्या दिवसांत होतं, चार दिवसांनी युद्धविराम व्हायचा होता. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता मिठापूरहून एका छोट्या बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सीमाभागाकडे निघाले. मेहतांचं नाव महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून पोहोचलं आहे. 1957 साली पंचायत राज्याची शिफारस करणारी समिती त्यांची. तिच्यामागून आपल्याकडे वसंतराव नाईक समिती आली आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाच्या हाती कारभार द्यावा असं सांगणारा तो माणूस त्या दिवशी पत्नी, तीन सहकारी आणि एक पत्रकार यांच्यासह विमानात होता. विमान चालवत होते जहांगीर इंजिनीअर, आपले माजी हवाई दलप्रमुख अस्पी इंजिनीअर यांचे भाऊ. सोबत दुसरा एक कर्मचारी. एकूण आठ माणसं.

कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून सेबर विमान घेऊन उडालेला तरुण पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन त्यांच्यापर्यंत पोहोचला. पुढे काय घडलं ते त्यानेच फार वर्षांनी सांगितलं आहे. त्याने लगेच गोळीबार केला नाही. त्याने बाजूच्या खिडक्या पाहिल्या, हे आठेक आसनांचं वाहतुकीचं विमान असावं असा अंदाज केला आणि खाली विचारलं, काय करू? उत्तर यायला काही मिनिटं लागली. तोवर बीचक्राफ्टच्या वैमानिकाने त्याला पाहिलं होतं. ते विमान वर चढू लागलं आणि पंख डुलवू लागलं. आम्ही निःशस्त्र आहोत, आम्हाला जाऊ द्या, हे सांगण्याची वैमानिकांची ती जुनी रीत. हुसेनला ते समजलं. खालून आदेश आला, पाड. कच्छमधून नवी आघाडी उघडण्यासाठी हे विमान टेहळणी करत असावं, असा खाली बसलेल्यांचा तर्क होता. सुथरी गावाजवळ विमान कोसळलं. आठांपैकी कुणीही वाचलं नाही. आत कोण होतं, हे हुसेनला संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांतून कळलं.

2011 साली, म्हणजे 46 वर्षांनी, त्याने वैमानिक इंजिनीअर यांच्या मुलीचा शोध घेतला आणि तिला पत्र लिहून घडलेलं सगळं सांगितलं. आपण आदेश पाळला, पण निरपराध माणसं गेली याचं दुःख आहे, असा त्याचा भाव होता. तिने उत्तर दिलं, आणि त्यात कटुता नव्हती. ती दोन पत्रं दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत गाजली. लोक त्यांतल्या क्षमेबद्दल बोलले, आणि ते योग्यच होतं. माझं लक्ष मात्र त्या काही मिनिटांवर खिळून राहतं. पाहणाऱ्याने पाहिलं होतं, खाली कळवलं होतं, आणि शंका असल्यामुळेच प्रश्न विचारला होता. ठरवणाऱ्यापाशी वेळही होता. त्या वेळात त्याने वैमानिकाला उलट काय विचारलं? विमानावर कसल्या खुणा आहेत, त्याला हत्यार दिसतं का, ते पंख का हलवतं आहे? हुसेनच्या सांगण्यात असे प्रश्न कुठे आढळत नाहीत, आढळतो तो फक्त आदेश. युद्धकाळ होता, आणि शिकागो करार युद्धात राष्ट्रांचे हात बांधत नाही, हे मला माहीत आहे. तरीही सीमेजवळच्या आकाशात शांतताकाळीसुद्धा नियंत्रण कक्षाचं मन असंच चालतं, हे पुढच्या उदाहरणांवरून दिसेल.

एप्रिल 1978. दक्षिण कोरियाचं एक बोइंग 707 पॅरिसहून सोलला ध्रुवीय मार्गाने निघालं, दिशा चुकलं आणि सोव्हिएत हद्दीत कोला द्वीपकल्पावर शिरलं. अडवायला गेलेल्या वैमानिकाने खाली सांगितलं की हे प्रवासी विमान दिसतं. वरिष्ठांना ते पटलं नाही आणि क्षेपणास्त्र सुटलं. पंख फुटला, दोन प्रवासी मेले, आणि बोइंगच्या वैमानिकाने ते विमान कमालीच्या कौशल्याने कारेलियातल्या गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. शंभराहून अधिक माणसं वाचली.

पाच वर्षांनी, 1 सप्टेंबर 1983 रोजी, त्याच कंपनीच्या फ्लाइट 007 च्या नशिबात गोठलेलं तळं नव्हतं. अँकरेजहून सोलला जाणारं हे बोइंग 747 ऑटोपायलट चुकीच्या स्थितीत राहिल्यामुळे हळूहळू मार्गापासून शेकडो किलोमीटर सरकलं, कामचात्कावरून गेलं आणि सखालिन बेटावर आलं. त्याच रात्री कामचात्काजवळ अमेरिकेचं एक टेहळणी विमान घिरट्या घालून गेलं होतं. सोव्हिएत नियंत्रकांच्या डोक्यात तेच विमान बसलेलं. सुखोई-15 घेऊन मागे लागलेला वैमानिक गेनाडी ओसिपोविच याने नंतर मुलाखतींत सांगितलं की त्याला खिडक्यांच्या दोन रांगा दिसल्या होत्या, दिवे लुकलुकताना दिसले होते. हे बोइंग आहे असं त्याने खाली कळवलं नाही. का, तर कुणी विचारलं नाही.

माझ्या माहितीत या विषयावरची याहून भयंकर साक्ष नाही. 1978 मध्ये पाहणारा बोलला, पण त्याचं ऐकलं गेलं नाही. 1983 मध्ये त्याला कुणी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही. एका व्यवस्थेने पाच वर्षांत आपल्या डोळ्यांना गप्प बसायला शिकवलं.

तपशीलही तितकेच अस्वस्थ करणारे आहेत. ओसिपोविचने इशारा म्हणून तोफेच्या फैरी झाडल्या, पण त्या गोळ्या चिलखतभेदी होत्या, अंधारात उजेडाची रेघ ओढणाऱ्या नव्हत्या. बोइंगच्या वैमानिकांना त्या दिसण्याची शक्यताच फारशी नव्हती. 121.5 वाहिनीवर त्यांना एकदाही हाक मारली गेली नाही. नेमकं त्याच वेळी बोइंगने टोकियोच्या नियंत्रकांकडून आणखी उंचीवर जायची परवानगी घेतली. चढताना वेग कमी झाला, आणि मागच्या वैमानिकाला वाटलं हे चुकवायला बघतंय. दोन क्षेपणास्त्रं सुटली. 269 माणसं गेली. विमान लगेच फुटलं नव्हतं. ते समुद्रात पडायला सुमारे बारा मिनिटं लागली. ब्लॅक बॉक्स सोव्हिएत सरकारने हाती लागूनही लपवले. ते बाहेर आले सोव्हिएत संघ बुडाल्यावर, येल्त्सिन यांच्या काळात.

या घटनेतून दोन गोष्टी निघाल्या. एक आपण सगळे रोज वापरतो. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारने जाहीर केलं की लष्करासाठी उभी होत असलेली जीपीएस यंत्रणा नागरी विमानांनाही खुली केली जाईल. दुसरी गोष्ट कायद्याची. 10 मे 1984 रोजी माँट्रिअलला शिकागो करारात नवं कलम घालण्याचा ठराव झाला. कलम 3 पुनश्च. त्यात पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरण्यापासून राष्ट्रांनी दूर राहिलं पाहिजे, आणि विमान अडवताना आतल्या माणसांचे जीव आणि विमानाची सुरक्षितता धोक्यात येता कामा नये. विनापरवाना आलेल्या विमानाला उतरायला सांगण्याचा हक्क देशाकडे ठेवला, आणि असा हुकूम पाळण्याचं बंधन विमानांवर घातलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतला स्वसंरक्षणाचा हक्क मात्र अबाधित ठेवला. ठराव एकमताने झाला, पण पुरेशा देशांची मान्यता मिळून कलम अमलात यायला 1 ऑक्टोबर 1998 उजाडला. मत द्यायला हात पटकन वर गेले, सही करायला चौदा वर्षं लागली.

आता छोट्या खासगी विमानांकडे वळतो. त्यांची अडचण निराळी आहे. 28 मे 1987 रोजी मथियास रुस्ट नावाचा अठरा वर्षांचा जर्मन मुलगा भाड्याचं सेस्ना 172 घेऊन हेलसिंकीहून उडाला आणि थेट मॉस्कोत, क्रेमलिनच्या भिंतीशेजारी जाऊन उतरला. वाटेत एका मिग विमानाने त्याला गाठलं होतं. पांढरं, खेळाच्या विमानासारखं काहीतरी आहे, असं वैमानिकाने कळवलं. गोळी चालवायची परवानगी मिळाली नाही. सखालिननंतर तिथले आदेश कडक झाले होते. गोर्बाचेव्ह यांनी याचं निमित्त करून संरक्षणमंत्री सोकोलोव्ह आणि हवाई संरक्षणाचे प्रमुख कोल्दुनोव्ह यांना घरी पाठवलं. त्या मुलाला न मारणं हे त्या यंत्रणेच्या हातून घडलेलं बरोबर काम होतं, असं मी मानतो. सेनापतींना मिळालेली शिक्षा पाहून जगभरातल्या नियंत्रण कक्षांनी कोणता धडा घेतला असेल याची मला धास्ती वाटते. चुकून मारलं तर चौकशी टाळता येते, चुकून सोडलं तर खुर्ची जाते.

सेस्ना ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या वेगाला लढाऊ जेट हवेत तगत नाही. ते शेजारून सर्रकन निघून जातं, वळसा घालून परत येतं, पुन्हा निघून जातं. आतल्या हौशी वैमानिकाला क्षणभर आवाज आणि धक्का जाणवतो, खुणा वाचायला अवधी मिळत नाही. 11 मे 2005 ला एक सेस्ना 150 चुकून वॉशिंग्टनच्या निषिद्ध आकाशात घुसलं. आत एक शिकाऊ वैमानिक आणि त्याच्याबरोबर एक परवानाधारक. व्हाइट हाउस आणि कॅपिटल रिकामं केलं गेलं, एफ-16 विमानांनी आगीचे फ्लेअर सोडले, तेव्हा कुठे ते वळलं. त्यानंतरच्या काळात तिथे दोन शहाणपणाचे बदल झाले. जमिनीवरून लाल-हिरव्या लेझरचा इशारा देण्याची सोय झाली, आणि सावकाश उडणाऱ्या विमानांना अडवायचं काम तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांना दिलं गेलं. हेलिकॉप्टर शेजारी राहू शकतं, वैमानिकाच्या डोळ्यांत डोळे घालू शकतं, त्याला फलक दाखवू शकतं. पाहणाऱ्याला पाहायला वेळ देणारी अशी साधी गोष्ट माझ्या लेखी नव्या क्षेपणास्त्राइतकीच मोलाची आहे.

पेरू देशात हा वेळ दिला गेला नाही. तिथे अमली पदार्थांची वाहतूक करणारी छोटी विमानं पाडायची मोहीम अमेरिकेच्या मदतीने चालत असे. सीआयएच्या टेहळणी विमानाने शोधायचं आणि पेरूच्या हवाई दलाने मारायचं, अशी विभागणी. 20 एप्रिल 2001 रोजी अ‍ॅमेझॉनवर उडणारं, पाण्यावर उतरू शकणारं एक सेस्ना 185 सापडलं. त्यात एक मिशनरी कुटुंब होतं. टेहळणी विमानातल्या अमेरिकनांना शंका आली होती, ते बोललेही, पण त्यांचं इंग्रजी आणि पेरूच्या अधिकाऱ्यांचं स्पॅनिश यांच्यात ती शंका विरून गेली. ओळख पटवण्याच्या, रेडिओवर हाक मारण्याच्या, इशारा देण्याच्या पायऱ्या घाईत उरकल्या गेल्या. एक आई आणि तिचं तान्हं मूल गोळ्यांनी मेलं. पायाला गोळ्या लागलेल्या वैमानिकाने विमान नदीवर उतरवलं म्हणून बाकीचे वाचले. अमेरिकेने मोहीम थांबवली. तिथे शांतता होती, सीमा धोक्यात नव्हती, लढाई फक्त तस्करांशी होती. न्यायालयात नेऊन ज्याला पेरूच्या कायद्याने मृत्युदंड दिला नसता, अशा आरोपीला हवेत मात्र देहान्त होता. या धोरणाचं समर्थन मला कोणत्याही अंगाने करता येत नाही.

विमान अडवणं मुळातच वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री बंगालमध्ये पुरुलियाच्या गावांवर एका अँतोनोव्ह-26 विमानातून एके-47 रायफली आणि दारूगोळ्याच्या पेट्या पडल्या. ते विमान देशातून निघून गेलं आणि काही दिवसांत पुन्हा आपल्याच आकाशातून परतू लागलं. 21 डिसेंबरच्या रात्री हवाई दलाच्या मिग-21 ने त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं. एकही गोळी न झाडता सरकारला आरोपी, विमान आणि पुरावा तिन्ही मिळाले. अडवण्याचा सगळा हेतू हाच असतो की माणूस जिवंत खाली यावा आणि कायद्यापुढे उभा राहावा. पुढची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. ब्रिटिश पीटर ब्लीच आणि लॅटव्हियाहून आलेले पाच कर्मचारी पकडले गेले; मुख्य सूत्रधार किम डेव्ही मात्र मुंबईच्या विमानतळावरून निसटला. डेन्मार्कच्या न्यायालयाने त्याला आजवर आपल्या हवाली केलेलं नाही. वैमानिकाने आपलं काम चोख केलं होतं. हातात आलेला माणूस जमिनीवर सुटला.

10 मे 2019 चं जयपूरचं उदाहरणही याच बाजूचं. कराचीहून दिल्लीला निघालेलं जॉर्जियाचं एक अँतोनोव्ह-12 मालवाहू विमान ठरलेला मार्ग सोडून उत्तर गुजरातमध्ये शिरलं आणि सुरुवातीला रेडिओला उत्तर देईना. बालाकोटच्या हवाई हल्ल्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. सुखोई-30 विमानांनी त्याला गाठलं, जयपूरला उतरवलं, चौकशी झाली, सोडून दिलं. आपल्या आकाशात येणाऱ्या विमानाला हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. ती यंत्रणा आणि वैमानिकांचा संयम दोन्ही त्या दिवशी उपयोगी पडले. ही बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर गेली. माझ्या मते ती पहिल्या पानाची होती.

उतरायला लावण्याचा हाच अधिकार दुष्ट सरकारच्या हाती काय होतो तेही सांगायला हवं. फ्रान्सने 22 ऑक्टोबर 1956 ला मोरोक्कोहून ट्यूनिसला जाणारं विमान अल्जिअर्सला वळवून अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले बेन बेला आणि त्यांचे साथी उचलले. 23 मे 2021 ला बेलारूसने अथेन्सहून व्हिल्निअसला जाणारं रायनएअरचं विमान बॉम्बची खोटी धमकी सांगून मिन्स्कला उतरवलं, वर मिग-29 पाठवलं, आणि रामान प्रातासेविच या विरोधी पत्रकाराला आणि त्याच्या मैत्रिणीला अटक केली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2022 मध्ये त्या कृत्याचा निषेध केला. इथे गोळी सुटली नाही, 3 पुनश्च कलमाचा शब्द वरवर पाळला गेला, आणि तरीही लढाऊ विमान एका पत्रकाराच्या बेडीसाठी वापरलं गेलं.

आणखी एक प्रसंग सांगतो, ज्यात लढाऊ विमानं कुणाला वाचवू शकली नाहीत, तरी त्यांचं तिथे असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. 14 ऑगस्ट 2005. हेलिओस कंपनीचं बोइंग 737 सायप्रसहून निघालं, केबिनमधला हवेचा दाब गेला आणि आतली माणसं बेशुद्ध झाली. विमान आपोआप अथेन्सच्या दिशेने जाऊन घिरट्या घालू लागलं. रेडिओवर शांतता. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला चार वर्षंही झाली नव्हती, आणि एक मुकं प्रवासी विमान राजधानीच्या आसपास फिरत होतं. ग्रीसची दोन एफ-16 वर गेली. वैमानिकांना दिसलं की मुख्य वैमानिकाची खुर्ची रिकामी आहे, सहवैमानिक पुढे कोसळलेला आहे, केबिनमध्ये ऑक्सिजनचे मुखवटे लोंबताहेत. नंतर एक माणूस कॉकपिटमध्ये आला, बसला, त्याने हातही हलवला. तो विमान वाचवायला धडपडणारा कर्मचारी होता. इंधन संपलं, ते डोंगरावर आदळलं, 121 जण गेले. पण ठिपक्याला चेहरा मिळाला तो त्या दोन वैमानिकांमुळे. हल्लेखोर म्हणून ते विमान पाडलं गेलं नाही, कारण कुणीतरी जवळ जाऊन खिडकीतून पाहिलं आणि पाहिलेलं खाली सांगितलं.

आता सगळ्यात कठीण प्रश्नाकडे येतो. विमान खरोखरच अपहृत असेल, आत निरपराध प्रवासी असतील आणि ते शहरावर आदळणार असेल तर? जानेवारी 2003 मध्ये फ्रँकफर्टवर एका माणसाने चोरलेलं मोटर-ग्लायडर घेऊन घिरट्या घातल्या आणि इमारतींवर आदळण्याची धमकी दिली. त्यानंतर जर्मनीने 2005 साली कायदा करून संरक्षणमंत्र्याला असं विमान पाडण्याचा अधिकार दिला. त्याविरुद्ध घटना न्यायालयात गेलेल्यांमध्ये गेरहार्ट बाउम आणि बुर्खार्ड हिर्श होते. बाउम कधीकाळी देशाचे गृहमंत्री, हिर्श एका राज्याचे. ज्या खुर्च्यांवर बसून असे निर्णय घेतात त्या खुर्च्या त्यांनी अनुभवल्या होत्या, आणि खुर्चीला हा अधिकार नको असं ते म्हणत होते. 15 फेब्रुवारी 2006 रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. निरपराध प्रवाशांना इतरांना वाचवण्याचं साधन म्हणून मारणं माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, हे त्या निकालाचं गाजलेलं तत्त्व. निकालातला दुसरा भाग कमी वाचला जातो. वैमानिकांच्या संघटनेने न्यायालयापुढे मांडलं होतं की केबिनमधून कॉकपिटला, कॉकपिटमधून जमिनीला, जमिनीवरून मंत्र्याला अशी जाणारी माहिती प्रत्येक टप्प्यावर डळमळीत असते आणि परिस्थिती मिनिटामिनिटाला बदलते. न्यायालयाने त्याची दखल घेतली. निर्णय बहुतेक वेळा संशयावरच घ्यावा लागेल, हे त्याने ओळखलं.

आपल्याकडे 2005 साली केंद्र सरकारने अपहरणविरोधी धोरण बदललं. अपहृत विमान क्षेपणास्त्रासारखं वापरलं जाण्याची चिन्हं असतील तर ते पाडण्याची मुभा त्यात आहे. निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीचा. वेळ नसेल तर पंतप्रधान, संरक्षणमंत्री किंवा गृहमंत्री यांच्यापैकी कुणाचाही. मी सरसकट जर्मनीच्या बाजूने उभा नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाला तसं उभं राहणं सोपं नाही. ताशी 900 किलोमीटरने येणारं विमान मिनिटाला 15 किलोमीटर कापतं, म्हणजे पालघरवरून दक्षिण मुंबईवर यायला त्याला सहा मिनिटांच्या आसपास लागतात. त्या वेळात चर्चासत्र होत नाही. पण वेळ इतका कमी असेल तर कोणते प्रश्न विचारायचे हे आधीच ठरलेलं, लिहिलेलं आणि पाठ केलेलं असायला हवं. वैमानिकाला काय दिसतं, हा पहिला प्रश्न असला पाहिजे आणि त्याचं उत्तर नोंदवल्याशिवाय पुढचा आदेश निघता कामा नये. त्याने शंका व्यक्त केली तर ती थेट ठरवणाऱ्याच्या कानापर्यंत गेली पाहिजे, मधल्या पायरीवर विरता कामा नये.

माझी मागणी एवढ्यावर थांबत नाही. आपल्या आकाशात दरवर्षी किती नागरी विमानं अडवली गेली, किती चुकलेली निघाली, किती वेळा रेडिओ बिघडलेला होता आणि किती वेळा मंजुरीच्या क्रमांकाचा घोळ होता, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे वर्षातून एकदा ठेवलं जावं. त्यात कोणतंही लष्करी गुपित उघडं पडत नाही. विमान अडवलं गेल्यानंतरच्या चौकशीत नागरी विमान वाहतूक खात्याचा माणूस हवाई दलाच्या अधिकाऱ्याशेजारी बसावा. आणि उड्डाण क्लबांमध्ये विमान चालवायला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना अडवण्याच्या खुणा परीक्षेपुरत्या पाठ करायला न लावता हवेत करून दाखवाव्यात, हवाई दलाच्या वैमानिकाबरोबर. हे तिन्ही बदल करायला नवा कायदा लागत नाही. या सभागृहात वकील आहेत, पत्रकार आहेत, लष्करातून निवृत्त झालेले अधिकारीही समोर बसलेले दिसताहेत. आपापल्या ठिकाणाहून प्रत्येकाने ही मागणी लावून धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.